कॉइल, काटा आणि बाबांची कंबर

बॉस, एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. जिमनी घेतली तेव्हा घरी मी तीन कारणं दिली होती. एक, छोटी आहे, पुण्यात पार्किंगला बरी. दोन, पेट्रोल आहे, कटकट नाही. आणि तीन, गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरापर्यंतचे शेवटचे दोन किलोमीटर बाबांना गाडीतून नेता येईल. पहिली दोन कारणं ऐकताना आमच्या होम मिनिस्टर मोबाइल बघत होत्या. तिसऱ्याला मान वर झाली. तिथेच डील फायनल!

आता ते दोन किलोमीटर काय प्रकरण आहे ते सांगतो. डांबर संपतं, मग जांभ्याचा कातळ, मग लाल मातीत ट्रकने पाडलेले चर, मग एक पऱ्या. उन्हाळ्यात तो कोरडा असतो, गणपतीत गुडघाभर. त्याच्या पलीकडे चढ आणि चढावर घर. बाबांच्या कण्याचं ऑपरेशन झाल्यापासून तीन वर्षं त्यांनी गावचा गणपती व्हिडिओ कॉलवरच पाहिला. जुनी हॅचबॅक डांबर संपतं तिथेच राहायची आणि त्यांना चालवत न्यायची परवानगी डॉक्टरांनी दिली नव्हती.

जिमनी आली आणि आम्ही मे महिन्यात ट्रायल घेतली. चौघं, सामान, टपावर लोखंडी कॅरियर. चढली, मस्त चढली! इंजिन, लो रेशो, सगळं फर्स्ट क्लास. पण मागच्या सीटवर बाबा होते आणि प्रत्येक मोठ्या खड्ड्याला मागून 'ठक्' असा आवाज यायचा. बाबा एक अक्षर बोलले नाहीत. घरी पोचल्यावर मात्र दोन तास आडवे पडले. संध्याकाळी म्हणाले, "अरे, गाडी चांगली आहे तुझी. मला आपला चालत आणत जा." म्हणजे काय समजायचं ते आपण समजायचं.

पुण्याला परतलो तो डोक्यात एकच विषय घेऊन. सस्पेन्शन. बजेट? होम मिनिस्टरांनी मंजूर केलेले पंचवीस हजार रुपये. पुरवणी मागण्या फेटाळण्यात येतील अशी तंबीही सोबत होती.

आता पंचवीस हजारांत ऑफ-रोड सस्पेन्शन म्हटल्यावर या क्षेत्रातले जाणकार हसतात. माझा एक मित्र आहे, त्याला आपण लिफ्टमॅन म्हणू. तोही हसला. त्याच्याकडेही जिमनीच. त्याने आधी एक साधा, वीस मिलिमीटर उंची वाढवणारा कॉइलचा सेट टाकला होता. पंधरा दिवसांत काढला. का? तर "कोणाला दिसतच नाही रे!" मग टाकला दोन इंचाचा हेवी ड्यूटी किट. आता दिसतं. सोसायटीच्या वॉचमनलाही दिसतं.

"तू पण हाच टाक," लिफ्टमॅन म्हणाला. "बाबांना बसवून बघ एकदा."

बसवलं. खडकवासल्यापर्यंत गेलो. पहिल्या स्पीडब्रेकरला बाबांनी वरचं हँडल पकडलं, दुसऱ्याला डोळे मिटले, तिसऱ्यानंतर शांतपणे म्हणाले, "बैलगाडी बरी. बैल निदान हळू तरी चालतात."

इथे माझी ट्यूब पेटली. लिफ्टमॅनच्या गाडीला ना लोखंडी बंपर, ना विंच, ना मागे ड्रॉवर. गाडी रिकामी आणि कॉइल मात्र शंभर किलोच्या कायमच्या ओझ्यासाठी बनवलेली. 'हेवी ड्यूटी' हा शब्द ऐकून आपल्याला वाटतं, म्हणजे दणकट, म्हणजे चांगलं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच, की या कॉइलला ओझं पाहिजे. ओझं नसेल तर ती दबतच नाही, आणि न दबणारी कॉइल म्हणजे लोखंडाचा खांब. खड्डा थेट कंबरेत.

थोडा फंडा क्लिअर करून घेऊ, म्हणजे दुकानात कोणी टोपी घालणार नाही.

जुन्या जीपला, आपल्या लाडक्या जिप्सीला चारही चाकांवर पाटे असायचे. पाटा हा बिचारा डबल ड्यूटी करतो. गाडीचं वजनही उचलतो आणि ॲक्सल जागेवर धरूनही ठेवतो. कॉइल फक्त वजन उचलते. पुढे-मागे, डावी-उजवीकडे ॲक्सलला धरून ठेवायला तिला लांब आर्म लागतात आणि एक आडवा दांडा लागतो, ज्याला पॅनहार्ड रॉड म्हणतात. बदल्यात मिळतो आराम आणि चाकाला खाली-वर करायला भरपूर वाव. १९७०च्या रेंज रोव्हरने चारही चाकांना कॉइल देऊन दाखवून दिलं, की डोंगर चढणारी गाडी अंग मोडणारी असायलाच पाहिजे असं नाही. सुझुकीनेही नव्वदच्या दशकात जिमनीला पाट्यांवरून कॉइलवर आणलं. जिप्सी मात्र त्याच घराण्यातली असूनही शेवटपर्यंत पाट्यांवरच राहिली. जिप्सीवाले यावर अभिमानाने बोलतात. बोलू द्या, त्यांच्या कंबरा वेगळ्या आहेत.

तर आपल्याकडच्या जिमनीला, जी २०२३च्या जूनमध्ये आली, पुढे-मागे सलग ॲक्सल आणि चारही बाजूंना कॉइल आहे. बजेटवाल्यासाठी ही चांगली बातमी आणि वाईट बातमी दोन्ही. चांगली यासाठी, की इथे कॉइल वेगळी आणि शॉकअप वेगळा. नेहमीच्या कारच्या पुढच्या चाकासारखं दोन्ही एकात अडकलेलं नाही. शॉकअप खालून सोडला, ॲक्सल खाली उतरवला, की कॉइल हातात येते. फक्त ब्रेकच्या नळ्या आणि एबीएसच्या वायरवर ताण येऊ द्यायचा नाही. मजुरी कमी, वेळ कमी.

वाईट बातमी अशी, की कॉइल स्वस्त असते पण तिच्यामागचं बिऱ्हाड महाग असतं. लिफ्टमॅनची कहाणी ऐका. दोन इंच उंची वाढवली, तर पॅनहार्ड रॉड तेवढ्याच लांबीचा राहिला आणि त्याने ॲक्सलला काही मिलिमीटर एका बाजूला ओढलं. गाडी सरळ चालताना स्टिअरिंग तिरकं! मग ॲडजस्टेबल रॉड आला. पुढचे आर्म खाली झुकले, त्यामुळे कॅस्टर कमी झाला. कॅस्टर म्हणजे काय, तर सायकलचे दोन्ही हात सोडले तरी ती सरळ का जाते, ते गुपित. तो कमी झाला की हायवेवर गाडी डुलायला लागते, वळणानंतर स्टिअरिंग आपसूक परत येत नाही. मग वेगळे बुश आले. मूळ शॉकअप लांबीला कमी पडले म्हणून लांब शॉकअप आले. ब्रेकच्या नळ्या ताणल्या जाऊ लागल्या, त्या आल्या. हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जायला लागला, तो खाली घेतला. शेवटी एका रविवारी, ऐंशीच्या स्पीडला, स्टिअरिंग हातात थडथडायला लागलं. सलग ॲक्सलच्या गाड्यांचा हा जुना रोग. चाकाचं बॅलन्सिंग, ढिला झालेला रॉडचा बोल्ट, झिजलेली बेअरिंग, काहीही निमित्त पुरतं. त्याच्या केसमध्ये बोल्ट निघाला. वहिनी गाडीत होत्या. त्यांनी पुढे आठवडाभर त्याला काय सुनावलं ते इथे छापता येणार नाही.

एकूण हिशोब त्याने मला सांगितला नाही. पण गाडीचं इन्शुरन्स, सर्व्हिस आणि दिवाळीचे कपडे मिळून जेवढं होतं त्यापेक्षा जास्त, एवढं कळलं.

मी गेलो नाना पेठेत. मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्लीत एक मिस्त्री आहेत, आयुष्यभर जीप आणि ट्रकचे पाटेच केले, आता कॉइलही करतात. त्यांना म्हटलं, "मला एक चांगला लिफ्ट किट सांगा." त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"साहेब, गाडीत माणसं किती बसतात?"

"चार."

"सामान?"

"असतं की गावाला जाताना."

"वजन केलंय?"

"कशाचं?"

"गाडीचं हो!"

मी गप्प. "काट्यावर जाऊन या," ते म्हणाले, "आणि पुढचा ॲक्सल वेगळा, मागचा वेगळा घ्या. मग बोलू."

ही आयडिया म्हणजे खरंच सही! हायवेवर ट्रकसाठी वजनकाटे असतात ना, तिथे फक्त पुढची चाकं चढवायची, पावती घ्यायची, मग पूर्ण गाडी, दुसरी पावती. वजाबाकी केली की मागचा ॲक्सल. मागेपुढे जमीन सपाट असेल असा काटा बघायचा एवढंच. मी दोनदा गेलो. एकदा मी एकटा. दुसऱ्यांदा आई, बाबा, होम मिनिस्टर, गावाला नेतो तेवढं सगळं सामान, टूलबॉक्स, टपावरचं कॅरियर, सगळी वरात घेऊन. काट्यावरच्या माणसाला वाटलं आम्ही पैज लावली आहे.

आकडे बघा. एकटा मी असताना पुढे ७०० किलो, मागे ६१०. सगळी वरात असताना पुढे ७३५, मागे ८३५. म्हणजे काय झालं? अख्खं कुटुंब आणि सामान चढलं तर पुढच्या चाकांवर फक्त ३५ किलो वाढले, मागच्यांवर सव्वादोनशे! पुढच्या कॉइलला घरात पाहुणे आलेत हे कळलंसुद्धा नाही. सगळा पाहुणचार मागच्या दोघींनी केला. आणि मी निघालो होतो चारही कॉइल बदलायला, त्याही जाड.

आणखी एक झटका पुढे आहे. बेरीज १५७० किलो. या गाडीचं कमाल परवानगी असलेलं एकूण वजन १५४५. रिकामी गाडी साधारण बाराशेची, म्हणजे माणसं आणि सामान मिळून साडेतीनशेच्या आतच. चार खाऊन-पिऊन सुखी माणसं बसली की सामानाला उरतं ते थोडंच. कोणतीही कॉइल टाकली तरी हा आकडा वाढत नाही, हे लक्षात ठेवा. कॉइल जाड झाली म्हणून चेसिस, ॲक्सल आणि ब्रेक जाड होत नाहीत. मी घरी येऊन पहिलं काम काय केलं असेल, तर टपावरचं अठ्ठावीस किलोचं कॅरियर काढून टाकलं. खर्च शून्य. ते दिसायला एकदम आफ्रिकन सफारी टाइप होतं, त्यामुळे दुःख झालं. पण एवढं वजन तेही टपावर म्हणजे वळणावर गाडी झुकायलाही तेच कारण.

मग टेप घेऊन बसलो. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतची उंची, चारही चाकांची. नेहमी मध्यापासून मोजा, जमिनीपासून नाही, नाहीतर टायरमधली हवा हिशोबात घुसते. वरातीसह मागची बाजू ५० मिलिमीटर खाली बसत होती. त्यावर खड्डा आला की कॉइलला दबायला जागाच उरत नव्हती, ॲक्सल वरच्या रबरी ठोकळ्यावर आपटायचा. तोच तो 'ठक्'. म्हणजे बाबांच्या कंबरेला त्रास होत होता तो कॉइल कडक होती म्हणून नव्हे, तर भरल्या गाडीत ती कमी पडत होती म्हणून! आणि लिफ्टमॅनच्या गाडीत त्रास झाला तो ती अति झाली होती म्हणून. दोन्हीकडे दुखणारी कंबर एकच, कारण मात्र उलटं.

मिस्त्रींना पावत्या दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून वाचल्या आणि म्हणाले, "पुढे हात लावू नका. मागे जरा पंधरा-वीस टक्के कडक, उंची थोडीच जास्त. बास."

'जरा कडक' म्हणजे किती, हे कॉइलच्या बाबतीत डोळ्याने कळत नाही हं. तारेची जाडी दहा टक्के वाढली, तर कॉइल दहा टक्के कडक होत नाही, जवळपास ४६ टक्के होते. कारण जाडीचा चौथा घात तिथे कामाला येतो. बारावीचं फिजिक्स आठवा, किंवा नका आठवू, दुकानात व्हर्निअर घेऊन जा म्हणजे झालं. वेढे कमी केले तरी कॉइल कडक होते. आठ वेढ्यांतला एक कापला तर सुमारे चौदा टक्के. म्हणून कॉइल कापून गाडी खाली बसवणारे जे वीर असतात, त्यांची गाडी खालीही बसते आणि आपटतेही. गॅसने तापवून कॉइल 'सेट' करून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला नमस्कार करून निघा. तापवल्याने स्प्रिंगच्या पोलादाचा दम निघून जातो.

पर्याय काय काय होते, तेही सांगतो, कारण प्रत्येकाचा केस वेगळा.

सगळ्यात स्वस्त म्हणजे वेढ्यांमध्ये अडकवायचे रबरी बफर. टायरच्या दुकानात मिळतात, दहा मिनिटांत बसतात. पण ते दोन वेढ्यांना बांधून टाकतात, सगळं काम उरलेल्या वेढ्यांवर येतं. शहरात सेदान खाली घासते म्हणून लावणारे लावतात. कातळावर आणि चरांत चालणाऱ्या गाडीला मी तरी लावणार नाही.

त्याच्या वर स्पेसर, म्हणजे कॉइलच्या टोकाखाली ठेवायची चकती. ही तेवढी वाईट नाही. कॉइलचा कडकपणा आहे तसाच राहतो, गाडी फक्त वर उचलली जाते. ज्याची गाडी भरल्यावर थोडीच घासते आणि ज्याला राइड आवडते, त्याने वीस मिलिमीटरपर्यंतचा स्पेसर विचारात घ्यायला हरकत नाही. जास्त जाड टाकला तर शॉकअप आधीच अर्धा उघडलेला राहतो, आणि खड्ड्यात चाक खाली जायची वेळ आली की 'टण्' करून ताणला जातो. माझा प्रॉब्लेम मात्र उंचीचा नव्हताच, दबण्याचा होता.

मग कॉइलच्या पोटात बसणाऱ्या हवेच्या पिशव्या. गावाला जाताना हवा भरा, परतल्यावर काढा. ज्याच्या गाडीत वर्षातून चारदाच वजन येतं त्याच्यासाठी ही आयडिया एकदम डोकेबाज. फक्त आपल्या गाडीसाठीच बनवलेली आहे का आणि रबरी ठोकळ्याची जागा खाते का, ते बघून घ्या. मी जवळपास घेतलीच होती. आणि शेवटी परदेशी नावांचे पूर्ण किट, बहुतेक ऑस्ट्रेलियन. त्या लोकांचं काम उत्तम असतं यात वाद नाही, आणि त्यांच्या कॅटलॉगमध्ये एक शिकण्यासारखी गोष्ट असते. ते कॉइल उंचीवरून विकत नाहीत, वजनावरून विकतात. बंपरशिवाय, बंपरसह, बंपर आणि विंचसह, मागे कायमचं इतकं ओझं, तितकं ओझं. 'कायमचं' या शब्दावर पेन्सिलने खूण करा. वर्षातून दोनदा येणाऱ्या ओझ्यासाठी रोजची कॉइल निवडायची नसते. ज्याने पुढे खरंच लोखंडी बंपर आणि विंच मिळून साठ-सत्तर किलो लावले आहेत, त्याने पुढची कॉइल बदललीच पाहिजे. त्याला माझं गणित लागू नाही.

थारवाल्यांनी इथे थोडं सावध असावं. २०२०नंतरच्या थारला मागे सलग ॲक्सल आणि कॉइल आहे, तिथे हे सगळं जसंच्या तसं चालतं. पण पुढे प्रत्येक चाक सुटं आहे. पुढे उंची वाढवली की चाकाला फिरवणाऱ्या शाफ्टचे सांधे जास्त कोनात चालतात, म्हणून पुढे हात आखडता बरा. त्याआधीच्या थारला मागे पाटेच आहेत, तर तुमचे मिस्त्री वेगळे.

मी कोणता पर्याय घेतला? आठवतंय ना, लिफ्टमॅनने पंधरा दिवसांत काढलेला वीस मिलिमीटरचा सेट? 'कोणाला दिसतच नाही' वाला? तो त्याच्या गॅलरीत प्लॅस्टिकच्या पोत्यात पडून होता. मागच्या जोडीची माहिती काढली. कडकपणा मूळ कॉइलपेक्षा साधारण पंधरा टक्के जास्त. मिस्त्रींनी सांगितलेलं औषध, मित्राच्या घरी, वापरलेलं पंधरा दिवस!

सेकंडहँड कॉइल घ्यावी का, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. घ्यावी, बघून घ्यावी. जोडीतल्या दोन्ही शेजारी-शेजारी उभ्या करायच्या, उंची सारखी हवी. काही सेटमध्ये ड्रायव्हरच्या बाजूची मुद्दाम थोडी उंच असते, ते आधी विचारून घ्यायचं. रंग कुठे उडालाय आणि तिथे गंज धरून खड्डे पडलेत का, ते बोट फिरवून बघायचं. कॉइल तुटते ती अशाच बारीक खड्ड्यापासून. वेढे एकमेकांवर आपटून चमकलेत का, तेही बघायचं. सेकंडहँड शॉकअप मात्र कोणी फुकट दिला तरी नको. आतलं तेल आणि सील किती दमलंय ते बाहेरून कळत नाही. माझे मूळ शॉकअप कोरडे होते, गळती नव्हती आणि वीस मिलिमीटरला त्यांची लांबी पुरते, म्हणून तेच ठेवले.

लिफ्टमॅन म्हणाला, चारही घेतल्या तर नऊ हजार, दोनच हव्या तर सात. चारही घेतल्या. हा मराठी माणसाचा वीक पॉइंट आहे, त्यावर वेगळा कॉलम होईल.

पैसे देण्याआधी एक कंटाळवाणं काम केलं, ते तुम्हीही करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा आधार घेऊन सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्ये सांगितलंय, की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून फारकत घेणारा बदल गाडीत करता येत नाही. म्हणजे 'सगळेच करतात' हे उत्तर चालत नाही. मी इन्शुरन्सवाल्यांना नेमका काय बदल करणार ते लिहून कळवलं आणि लेखी होकार येईपर्यंत थांबलो. सर्व्हिस सेंटरने स्पष्ट सांगितलं, की सस्पेन्शनच्या वॉरंटीचा विषय यापुढे संपला. वीस मिलिमीटर असो की पन्नास, जबाबदारी आपलीच. दोन इंच उंच, मोठे टायर, बाहेर आलेली चाकं असं सगळं केलं आणि उद्या काही झालं, तर क्लेमचा कागद हातात घेऊन उभं राहणारे आपणच असतो. लिफ्टमॅनला हे सांगितल्यावर त्याने विषय बदलला.

मिस्त्रींनी दुपारी काम सुरू केलं, चहा धरून दीड तास. कॉइलचं खालचं टोक तिच्या खोबणीत नीट टेकलंय ना, ते स्वतः वाकून बघितलं. वरचे रबर नवीन टाकले. आणि एक गोष्ट, जी मला माहीत नव्हती. आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळायचे नाहीत. गाडी खाली चाकांवर उभी केली आणि मग आवळले. नाहीतर बुश कायम पीळ दिलेल्या अवस्थेत राहतात आणि लवकर फाटतात. मजुरी, रबर, व्हील अलाइनमेंट, सगळं मिळून चार हजारांच्या आत. उरलेल्यातून साडेतीन हजारांचा बारा व्होल्टचा हवेचा पंप आणि एक बरा प्रेशर गेज. हा पंप म्हणजे खरं तर सगळ्यात स्वस्त सस्पेन्शन. टायरमधली हवा खराब रस्त्यावर कमी केली की टायरच अर्धे धक्के गिळतो. फक्त डांबर लागलं की परत भरायची, आळस नाही. शिल्लक रक्कम सरकारजमा.

वरातीसह परत मोजलं. मागची बाजू आता पूर्वीपेक्षा इंचभर वर राहत होती. रिकाम्या गाडीत शहरात फरक? थोडा. स्पीडब्रेकरला मागून किंचित टणक वाटतं. खोटं कशाला बोलू?

गणपतीला कराडकडून पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण करत निघालो. घाटात पाऊस धो-धो. डांबर संपलं तिथे थांबून चारही टायर अठरा पीएसआयवर आणले. बाबांना या वेळी पुढच्या सीटवर बसवलं. मागच्या ॲक्सलच्या डोक्यावर बसण्यापेक्षा दोन ॲक्सलच्या मध्ये बसलेलं केव्हाही बरं. ही अक्कलही मे महिन्यात सुचली नव्हती, आणि हिला तर एक रुपया लागत नाही. फर्स्ट गिअर, लो रेशो, माणूस चालेल त्या स्पीडने. कातळ गेला. चर गेले. मी 'ठक्'ची वाट बघत कान टवकारून बसलेलो. पऱ्याला पाणी होतं, पण गुडघ्याखाली. आधी मी स्वतः चालून बघितलं, मगच गाडी घातली.

पलीकडच्या चढावर बाबांनी काच खाली केली. मला वाटलं दुखायला लागलं.

"थांब जरा," ते म्हणाले. "इथे एक रातांबा होता. आहे का बघतो."

होता. पाच मिनिटं पावसात गाडी उभी. आई मागून ओरडतेय, काच वर करा. घरी पोचल्यावर बाबा आडवे झाले, पण जेवण झाल्यावर, आणि घोरत. आरतीला उभे होते.

उरलेल्या दोन पुढच्या कॉइल? लिफ्टमॅन परत घेत नाही. सध्या आमच्या गॅलरीत आहेत. एकीवर आईने ओव्याची कुंडी ठेवली आहे. दुसरीवर काय ठेवायचं यावर घरात चर्चा सुरू आहे.